रिकामी गाडी परत येईपर्यंत

"झालं" हा शब्द बशीरभाईंसमोर कुणी उच्चारला की त्यांचा चेहरा उजळायचा. भांडायला विषय मिळाला म्हणून. शिंपी म्हणाला पायजमा झाला, की "झाला म्हंजे? काजं झाली का?" मुलीनं सांगितलं अभ्यास झाला, की "झाला म्हंजे वाचला, का समजला?" हसनाबादला त्यांच्या पुतणीच्या लग्नात आचाऱ्यानं भात झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा जेवायला बसवलेल्या पाहुण्यांना तसंच सोडून हे थेट देगीपाशी गेले. झाकण उचललं, मधोमध झारा खुपसला, एक शीत काढून बोटांत दाबलं आणि म्हणाले, "कडेचा झालाय, मधला न्हाई. तू कडेचंच सांगून राह्यला." आचारी पंचक्रोशीत नावाजलेला. तरी त्यानं देगीखालचा जाळ पुन्हा वाढवला, कारण मधला भात खरंच कच्चा होता. बशीरभाईंनी मग त्यालाच जवळ ओढून अत्तराचा फाया दिला. भांडण जिंकलं की ते समोरच्याला अत्तर लावायचे. हरले तर स्वतःला लावून घ्यायचे.

मी आता मस्कतला असतो. एका मोठ्या थंडगार खोलीत रांगेनं मशिनी उभ्या आहेत आणि त्यांच्या पोटातल्या डिस्का बदलायचं माझं काम. परवा नवीन आलेला पोरगा माझ्याकडं वळून म्हणाला, "दत्ताभाई, हो गया, निकालूं?" आणि माझ्या तोंडून मला न विचारता बाहेर पडलं, "हो गया मतलब?" आवाज माझा नव्हता. भोकरदनच्या बसस्टँडमागच्या गल्लीतला होता. बशीरभाईंना जाऊन बरीच वर्षं झाली. पण त्यांच्याविषयी लिहायला बसलो की अजून हाताला घाई सुटते, कारण त्या एका हंगामाइतकी मजा मला नंतर कुठल्याच कामात आली नाही.

बशीरभाईंचा धंदा काटे बसवायचा आणि दुरुस्तीचा. म्हणजे गाड्या तोलायचे मोठे इलेक्ट्रॉनिक काटे. औरंगाबादहून डिप्लोमा करून आलेले, बोलायला भरपूर, आवाज मोंढ्यातल्या लिलावासारखा. अंकुशनगरापासून इकडं आमच्या भोकरदनपर्यंत कुठं काटा बिघडला की बसच्या टपावर हत्यारांची पेटी टाकून निघायचे. बसस्टँडमागच्या त्यांच्या दुकानात मात्र काट्यापेक्षा कॉम्प्युटर जास्त. त्यांना नाद लागला होता एका फुकट मिळणाऱ्या सिस्टीमचा, जिच्या आतलं सगळं लिखाण उघडं असतं, कुणीही वाचावं, कुणीही सुधारून पाठवावं. जगभरातले लोक ईमेलवर वाद घालत घालत ती बनवत होते. बशीरभाईंना सिस्टीम आवडायची, पण वाद त्याहून जास्त आवडायचे.

मी त्यांना भेटलो तो कापसाच्या जिनिंगवर. नववीतून शाळा सुटलेली, घर दूर किनवटकडं, आणि भोकरदनच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर कॉम्प्युटर चालवायचं काम कसंबसं मिळालेलं. कापसाची गाडी आली की भरलेलं वजन टाकायचं, गाडी आत जाऊन कापूस गंजीवर रिकामा करायची, परत काट्यावर आली की रिकामं वजन टाकायचं, पावती काढायची. एवढंच. पण माझा स्वभाव असा, की कुलूप लावून चार पावलं गेलो की परत येऊन ओढून बघणार. प्रत्येक नोंद मी पुन्हा पुन्हा सेव्ह करायचो. बशीरभाईंनी हे पाहिलं आणि जिनिंगच्या शेठजींना म्हणाले, "ह्याला काढू नका. ह्याला माझ्यावानी रोग आहे."

आता त्या हंगामाचं सांगतो.

लाईट जायची. ती कधी जाईल आणि कधी येईल हे कुणालाच ठाऊक नसायचं. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी भरायला जेवढा वेळ लाईट लागते तेवढा वेळ ती टिकतच नव्हती. आणि लाईट आल्यावर मशीन चालू केलं, की शेवटच्या काही नोंदी गायब. मी सेव्ह केलेल्या. मशीननं "झालं" म्हणून सांगितलेल्या. तोवर गाडीतला कापूस गंजीवर पडलेला, गंजीतून तो वेगळा कसा काढणार? शेतकरी समोर उभा, गाडी रिकामी आणि भरलेलं वजन कुठंच नाही. दोन-तीनदा असं झाल्यावर शेठजी शांतपणे म्हणाले, "अजून एक गाडी हुकली ना, तर हे डबडं बाहेर. मुनीमजी हातानं लिहितील."

डबडं बाहेर म्हणजे मीही बाहेर. नववीवाल्याला दुसरा कोण कॉम्प्युटरसमोर बसवणार होता? मी तडक बशीरभाईंच्या दुकानात गेलो आणि सगळं सांगितलं.

बशीरभाईंनी ऐकलं आणि टाळी वाजवली. खरोखर वाजवली.

"सापडला," म्हणाले. "दत्तू, डिस्क थापा मारून राह्यली."

मग त्यांनी मला समजावलं, आणि ते मी आजपर्यंत नव्या पोरांना त्यांच्याच शब्दांत सांगतो. डिस्कच्या आत फिरणारी थाळी असते, त्यावर लिहिलेलं टिकतं. पण डिस्कच्या अंगावर एक छोटा खिसाही असतो. आपण दिलेलं ती आधी खिशात टाकते, लगेच "झालं" म्हणते आणि सवडीनं थाळीवर उतरवते. खिशात असताना लाईट गेली की खिसा फाटला. मशीन आणि डिस्क यांच्यामधला दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर, आणि बशीरभाईंनी आमच्या मशीनवर टाकलेल्या त्या फुकट सिस्टीमचा दुभाष्या डिस्कच्या "झालं"वर डोळे मिटून विश्वास ठेवत होता.

"पण बाकी दुनियेत हे कुणाला कळलं कसं न्हाई?" मी विचारलं.

"त्यांच्याकडं लाईट जात न्हाई ना बाबा. खिसा फाटायची वेळच येत न्हाई. हे कळायला भोकरदनच पाहिजे." हे म्हणताना त्यांची छाती अशी फुगली, जणू लोडशेडिंग त्यांनीच मंजूर करून आणलं होतं.

त्याच दिवशी त्यांनी ड्रायव्हरमध्ये बदल केला आणि जगाला पाठवला. बदल सरळ होता. प्रत्येक वेळी लिहिल्यावर ड्रायव्हरनं डिस्कला दटावायचं, खिसा रिकामा कर, मगच झालं म्हण.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. बर्फाच्या कुठल्यातरी देशातून एक माणूस सिस्टीमच्या ह्या भागाचा कारभार बघायचा. त्याचं नाव जिभेवर बसेना म्हणून बशीरभाईंनी पहिल्याच दिवशी त्याचं "पाव्हणा" करून टाकलं. पाव्हण्यानं लिहिलं होतं, असं केलं तर जगातली सगळी मशिनी बैलगाडीच्या चालीनं चालतील.

झालं. इथून पुढं भोकरदनच्या त्या गल्लीत जे सुरू झालं त्याला मी काय म्हणू? गावातल्या एकुलत्या सायबर कॅफेवरून बशीरभाई ईमेल छापून आणायचे आणि दुकानाच्या पायरीवर उभं राहून मोठ्यानं मराठीत सांगायचे. त्या वादात एक रीत होती. उत्तर देणारा समोरच्याचं एकेक वाक्य उचलायचा आणि त्याच्याखाली आपलं म्हणणं लिहायचा. बशीरभाईंना ही रीत भयंकर आवडायची. "बघा, माझ्या प्रत्येक वाक्याला धरून चिमटा काढलाय. माणूस इज्जतदार आहे. एकही वाक्य सोडलं न्हाई." मला ते मूळ इंग्रजी वाचायला लावायचे. अडखळलो की म्हणायचे, "समजो न समजो, वाच. पायडल मारल्याबिगर सायकल येत न्हाई." माझं जे काय इंग्रजी आहे ते तिथलं आहे, लोकांच्या भांडणातलं. अजूनही मला इंग्रजीत गोड बोलता येत नाही, हरकत मात्र उत्तम घेता येते.

पायरीसमोर सुमनबाईंची चहाची गाडी. त्या रोज विचारायच्या, "पाव्हण्यानं आज काय धाडलं?"

"म्हणतो, चांगला यूपीएस घ्या."

"मंग घ्या की."

"सुमनबाई, तुमी कुणाच्या बाजूच्या?"

"मी पाव्हण्याच्या. तो कधी उधार चहा प्याला न्हाई."

गिऱ्हाईकं हसायची. हळूहळू हमाल, कंडक्टर, समोरचा न्हावी, सगळे दोन बाजूंना वाटले गेले. डिस्क म्हणजे काय हे यातल्या कुणी पाहिलेलं नव्हतं, पण खोटं बोलणारा नोकर आणि घाईत असलेला मालक हे सगळ्यांना माहीत होते. न्हावी तर दाढी अर्धी सोडून ऐकायला यायचा, आणि अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक त्याच्या मागं.

बशीरभाईंच्या ईमेलची एक गंमत होती. लिहिता लिहिता लाईट गेली तर शेवट राहून जाईल म्हणून ते आधीच शेवटी लिहून ठेवायचे, "लाईट गेली, बाकी उद्या." मग वर मजकूर भरायचे. लाईट गेली नाही तरी ती ओळ तशीच जायची. परदेशातल्या लोकांना वाटलं, हा त्यांचा तखल्लुसच, शायरासारखं टोपणनावच आहे. एक दिवस ब्राझीलच्या कुणीतरी आपल्या ईमेलखाली तीच ओळ लिहिली. बशीरभाईंनी त्या दिवशी सगळ्या गल्लीला चहा पाजला.

पण इकडं काट्यावर माझी गत वाईट होती. बशीरभाईंचा बदल मी मशीनमध्ये बसवला होता. नोंद आता हुकत नव्हती, मात्र एकेक पावती निघेपर्यंत गाडीवानाचं तंबाखू मळून, खाऊन, थुंकूनही व्हायचं. गाड्यांची रांग रस्त्यावर गेली. बैल चिडायचे, ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवायचे, आणि शेठजी गादीवरून नुसते माझ्याकडं बघायचे. पाव्हण्याचं म्हणणं माझ्या डोळ्यांसमोर खरं होत होतं आणि ते बशीरभाईंना सांगायची माझी हिंमत होत नव्हती. शेवटी सांगितलं.

"बशीरभाई, रांग लई हून राह्यली. शेठजी म्हणले, हप्ताअखेरपर्यंत बघतो."

त्यांनी खुर्ची कॉम्प्युटरपुढं ओढली. मग त्यांनी त्यांचं सगळ्यात लांब ईमेल लिहिलं. पाव्हण्यानं बैलगाडीला नावं ठेवली होती ना, मग बैलगाडीच त्याच्या दारात नेऊन उभी केली. लिहिलं की आमच्याकडं भरलेली गाडी काट्यावर चढली म्हणून कुणी पावती देत नाही. कापूस गंजीवर पडला पाहिजे, गाडी रिकामी होऊन परत काट्यावर आली पाहिजे. तुमची डिस्क फाटकातच पावती फाडते. जी अक्कल आमच्या जिनिंगच्या काट्याला आहे ती तुमच्या ड्रायव्हरला का नसावी?

पायरीवर हे वाचून दाखवलं तेव्हा न्हाव्यानं वस्तरा हातात घेऊनच टाळ्या वाजवल्या. सुमनबाई म्हणाल्या, "आज चहा माझा." बशीरभाईंनी अत्तराची कुपी काढून तयार ठेवली, पाव्हण्याच्या नावानं हवेत उडवायला.

उत्तर आलं ते एका ओळीचं. मीच वाचलं. पाव्हण्यानं विचारलं होतं, "एक गाडी रिकामी होऊन परत येईपर्यंत तुम्ही बाकीच्या सगळ्या गाड्या थांबवून ठेवता का?"

बशीरभाई म्हणाले, "ह्याला काटा दाखवावा लागल. चल." दुपारची वेळ होती. जिनिंगवर येऊन ते काट्याच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसले, पाव्हण्याला तोंडघशी पाडायचा मसाला गोळा करायला. एक गाडी चढली, आत गेली. ती आत असतानाच दुसरी चढली. तिसरी. पहिली रिकामी होऊन आली, मधेच तोलून गेली. कुणी कुणासाठी थांबत नव्हतं. बशीरभाईंच्या कपाळावर आठी दिसायला लागली.

तेवढ्यात काटा शून्य करायची वेळ झाली. गाड्यांच्या चाकांची माती काट्याच्या लोखंडी पाटावर साचते आणि काटा काही नसताना वजन दाखवायला लागतो. मग पाट झाडून शून्य करून घ्यावा लागतो. पण भरलेलं वजन जुन्या शून्यावर आणि रिकामं नव्या शून्यावर असं चालत नाही. म्हणून आमच्याकडं रीत होती. शून्य करायच्या आधी मी उठायचो आणि काट्याच्या तोंडाला आडवी साखळी लावायचो. साखळीच्या आत गेलेल्या सगळ्या गाड्या रिकाम्या होऊन, काट्यावर तोलून बाहेर पडायच्या. कोणती आधी, कोणती नंतर, त्याचं काही नाही, पण सगळ्या. मग पाट झाडायचा, शून्य करायचं, साखळी काढायची, आणि पुढची गाडी. दिवसातून थोड्याच वेळा. बाकी वेळ धडाधड.

मी साखळी लावली. वळून बघतो तर बशीरभाई उभे. तोंड उघडं.

"दत्तू, ही साखळी कुणी लावायला सांगितली तुला?"

"तुमीच. काटा बसवला तवा तुमीच शेठजींला सांगून गेल्ता म्हणं."

ते त्या साखळीकडं बघत राहिले. जिल्ह्यात जिथं जिथं त्यांनी काटा बसवला तिथं तिथं ही साखळी होती. वर्षानुवर्षं ते लोकांना ती लावायला सांगत होते, न लावणाऱ्याला शिव्या देत होते, आणि इतके दिवस जगाशी भांडताना ती त्यांना एकदाही आठवली नव्हती. मला वाटलं आता चिडणार.

"हारलो रे," ते म्हणाले, आणि इतक्या जोरात हसले की बैल दचकले. "मी हारलो, पाव्हणा हारला, साखळी जिंकली. चल जल्दी, लाईट हाय तवर."

आणि धावत निघाले. पोट सुटलेला, पन्नाशीचा माणूस, कापसाच्या गाड्यांमधून वाट काढत, चप्पल हातात घेऊन. वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "हारलो, हारलो." दुकानात पोचल्यावर आधी स्वतःच्या दोन्ही मनगटांना भरपूर अत्तर लावलं आणि मग लिहायला बसले. प्रत्येक वेळी डिस्कला दटावायचं नाही. वरून हुकूम आला, तरच ड्रायव्हरनं साखळी टाकायची. साखळीच्या आधीचं सगळं थाळीवर पोचल्याशिवाय साखळीनंतरचं काही घ्यायचं नाही. एरवी डिस्कनं तिच्या सवडीनं, तिच्या क्रमानं लिहावं. नोंद पुरी झाली की आमचा काट्याचा प्रोग्राम एक साखळी मागेल आणि ती पडल्यावरच पुढं सरकेल.

पाव्हण्याचं उत्तर आलं. या वेळी चिमटे नव्हते. त्यानं लिहिलं होतं, "हे मला पटलं. तुमचं अर्धं ठेवून बाकीचं अर्धं मी लिहितो." पुढचे काही दिवस दोघांनी मिळून ते लिहिलं. इकडून जायचं, तिकडून सुधारून यायचं. पाव्हण्यानं एकदा विचारलं, बैलांची नावं काय असतात. बशीरभाईंनी त्याला यादीच पाठवली.

हप्ता संपला त्या दिवशी शेठजी काट्याच्या खोलीत आले. बाहेर गाड्यांची रांग, आत नवीन ड्रायव्हर बसवलेलं मशीन. बशीरभाईंनी आधीच जाहीर करून टाकलं होतं की आज लाईट जायची वाट बघायची नाही, आपणच घालवायची. लोकांच्या मालावर प्रयोग नको, म्हणून त्यांनी स्वतः एक गाडी भाड्यानं घेऊन त्यात दगड भरून आणले होते. गाडीवर स्वतः चढून बसले. काट्यावर गाडी थांबली. मी वजन टाकलं. पडद्यावर "झालं" आलं.

"वढ," गाडीवरून बशीरभाई ओरडले.

मशीनच्या वायरची पिन माझ्या हातात होती. ती ओढली आणि नोंद गेली, तर संध्याकाळच्या गाडीनं मी किनवटला. मी पिन धरून पडद्यावरचं 'झालं' पुन्हा वाचलं.

"दत्तू, तुझी साखळी पडली का न्हाई?"

"पडली."

"मंग कशाला भेतो? वढ."

ओढली. पडदा काळा झाला. पिन परत लावली. मशीन उठेपर्यंत बाहेर एका बैलाची घंटा तेवढी वाजत होती. पडदा उजळला. मी यादी उघडली. सगळ्यात खाली नोंद होती, आणि गाडीवानाच्या नावाच्या जागी मी लिहिलेलं तसंच होतं: बशीरभाई, माल दगड.

शेठजी म्हणाले, "परत करा."

परत केलं. मग बशीरभाईंनाच चेव आला. "अजून एकदा. आता मी म्हणल तवा." मग, "आता मला न सांगता वढ." शेवटी शेठजींनीच हात जोडले, "बस करा भाई, मशीन मरल. राहू द्या ते डबडं." रांगेतल्या गाडीवानांनी का कोण जाणे टाळ्या वाजवल्या. बशीरभाई दगडांवर उभे राहून सलाम घेत होते. खाली उतरून त्यांनी मला, शेठजींना, मुनीमजींना आणि जवळच्या बैलाला अत्तर लावलं.

त्याच कामाच्या जोरावर पुढं मला जालन्याला काम मिळालं, मग इथलं. मस्कतला निघालो तेव्हा बशीरभाई भोकरदनच्या स्टँडवर पोचवायला आले होते. मी सारखा पासपोर्ट चाचपत होतो. त्यांनी ते पाहिलं, पण चिडवलं नाही.

"पोचलास की फोन कर," म्हणाले. "पण विमानतळावरून करू नको. गाडीतून करू नको. खोलीवर जा, दार लाव, पाणी पी, मंग कर. मधलं 'पोचलो' मला चालत न्हाई."

"हो."

"आणि ऐक. पोचला म्हंजे पावती झाली असं समजू नको. रिकामी गाडी परत आली पाहिजे."

बस सुरू झाली. स्टँडच्या फाटकात कापसाच्या गाड्या आडव्या आल्या होत्या, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होता. मी खिडकीतून मागं बघितलं तर बशीरभाई पळत फाटकापर्यंत आले आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहून त्यांनी दोन्ही हात आडवे धरले. गाड्या जागच्या जागी थांबल्या. बस बाहेर पडली, वळली, तरी त्यांचे हात तसेच आडवे होते. मागं गाडीवान ओरडत होते, आणि बशीरभाई मान उंच करून बसच्या दिशेनं बघत होते, गेली म्हणजे खरंच गेली का, ते नीट पाहून घेत.